रुग्णाला कार्ड द्या, टोमणे नकोत

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर औषधी गांजाची बातमी आली आणि तिच्याखाली कोणीतरी चिलीम ओढणाऱ्या साधूचा फोटो टाकला. मग हसण्याच्या इमोजी, "आम्हालाही पेशंट करून घ्या" वगैरे. एरवी मी सोडून देते. आज नाही सोडवलं. त्या ग्रुपमध्ये माझे काका, म्हणजे मावशीचे यजमानही आहेत. माझं म्हणणं साधं आहे: ज्यांना हे औषध म्हणून लिहून दिलंय, त्या रुग्णांची सरकारी नोंद करा आणि त्यांना कार्ड द्या.

मावशीला केमोच्या काळात अन्न पोटात ठरत नव्हतं, झोप नव्हती. नेहमीची औषधं चालूच होती. कॅन्सरच्या डॉक्टरांच्या कानावर घालून वैद्यांनी भांगेच्या पानांच्या अर्काचं तेल लिहून दिलं. रीतसर, चिठ्ठीवर. एका रात्री नाक्यावर गाडी अडवली. हवालदाराने बाटली उघडून हुंगली, लेबलवरचं पानाचं चित्र बघितलं आणि म्हणाला, "काय मास्तर, या वयात?" काकांचं आयुष्य शाळेत गेलेलं. फोल्डरमधून चिठ्ठी काढताना त्यांची बोटं थरथरत होती. मागच्या सीटवर मावशी उशीला टेकून सगळं ऐकत होती.

आता कायदा बघा. १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं (म्हणजे भांग) आणि बिया त्यातून वगळलेल्या. म्हणून तर उत्तर प्रदेशात, राजस्थानात भांगेची सरकारमान्य दुकानं चालतात. आपल्याकडे महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू. एनडीपीएसच्या कलम ८ मध्ये वैद्यकीय कारणासाठी वाट ठेवलीय, पण त्या वाटेने जाणारा रुग्ण कोण, हे ओळखायची काही सोय? एक चिठ्ठी. बस्स. त्या हवालदाराला मी मनातल्या मनात खूप शिव्या घातल्या, पण त्याने तरी काय बघून ठरवायचं होतं?

कॅलिफोर्नियाने १९९६ साली औषधी गांजाला दार उघडलं, कॅनडाने २००१ साली. जिथे रुग्णांची नोंदणी होते तिथे काय मोकाट रान असतं असं वाटतं का तुम्हाला? डॉक्टरचा दाखला लागतो, त्याला मुदत असते, जवळ किती बाळगायचं याला मर्यादा असते. दुसऱ्याला द्यायचं नाही, औषध घेतल्यावर गाडी चालवायची नाही. आणि अनेक ठिकाणी रुग्ण अंथरुणाला खिळलेला असेल तर त्याच्यासाठी औषध आणणाऱ्या माणसाचीही नोंद होते. म्हणजे काकांची! "हा माणूस आजारी बायकोचं औषध नेतोय" एवढं सांगणारं एक सरकारी कार्ड. किती मोठी मागणी आहे ही?

हो, तिकडे काही डॉक्टरांनी दाखले खिरापतीसारखे वाटले. मान्य. आणि गांजाने कॅन्सर बरा होतो असं सांगत कोणी तुमच्या दारात आला तर त्याला हाकला. पुढे?

मला खरा संताप येतो तो मॉर्फिनचा, अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामकाचा, इतिहास आठवला की. अफू या देशात सरकारी परवान्यावर पिकते, आणि याच देशातले रुग्ण मॉर्फिनच्या गोळीवाचून तळमळत होते, कारण परवान्यांच्या जंजाळात पडण्यापेक्षा ती गोळी न ठेवलेलीच बरी, असं दवाखान्यांना वाटायचं. ते जंजाळ सोडवणारी दुरुस्ती २०१४ साली आली. १९८५च्या कायद्यानंतर २९ वर्षांनी! आणि डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत गांजाला सर्वात कडक यादीतून काढण्याच्या बाजूने मत कोणी दिलं? आपणच दिलं. तिकडे हात वर, इकडे नाक्यावर बाटली हुंगायची.

मावशी आता नाही. तेलाने तिला काही रात्री झोप लागली. तेवढंच, त्याहून जास्त दावा माझा नाही. पण त्या रात्रीनंतर काका तेल बरोबर न्यायलाच घाबरायचे, आणि मग केमोच्या मुक्कामात ती तेलाशिवाय राहायची. हे मला अजून गिळता येत नाही.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी एवढं करा. तेल मूळ बाटलीतच ठेवा, लेबल फाडू नका, चिठ्ठीवर वैद्यांचा नोंदणी क्रमांक आणि ताजी तारीख घ्या. दुबई-सिंगापूरला जाताना चिठ्ठी असली तरी ती बाटली बॅगेत टाकू नका, तिथले कायदे फार कडक आहेत. काही अडलं तर मला इनबॉक्समध्ये विचारा, ग्रुपवर नको.