ट्रॅक्टरवरचे कपाट

खानदेशात थंडी पडते, हे खानदेशाबाहेरच्या माणसाला पटवून देणे फार अवघड असते. त्याने आमच्याविषयी वाचलेली एकुलती एक बातमी मे महिन्यातली असते. तीत जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांपुढे गेलेला असतो आणि सोबत डोक्याला उपरणे गुंडाळून ऊस-रसाच्या गाडीपुढे उभ्या असलेल्या माणसाचे छायाचित्र असते. परंतु डिसेंबरच्या अखेरीस उत्तरेचा वारा सुटला की त्याच जिल्ह्यात पारा 7-8 अंशांपर्यंत उतरतो, शेजारच्या धुळ्यात तर त्याहूनही खाली जातो, केळीला चरका लागू नये म्हणून बागांच्या बांधावर रात्री काडीकचरा पेटवून धूर करावा लागतो, आणि चोपडा तालुक्यातला पन्नाशी ओलांडलेला एक शेतकरी रात्री दोन वाजता ट्रॅक्टर थांबवून, आपल्याला पायाची बोटे अजून आहेत की नाहीत, हे वाकून पाहतो.

तो शेतकरी मी. माझ्याकडे 24 एचपीचा, तीन सिलिंडरचा छोटा ट्रॅक्टर आहे. दिवसा तो भाड्याने इतरांच्या रानात रोटाव्हेटर मारतो आणि रात्री माझ्या. कपाशी उपटून झाली की गव्हासाठी रान तयार करण्याची सगळ्यांनाच एकदम घाई होते. पैसे देणाऱ्याला ‘उद्या येतो’ असे दोनदा सांगता येत नाही, स्वतःला मात्र कितीही वेळा सांगता येते, आणि म्हणून माझ्या रानाची पाळी नेहमी मध्यरात्रीच येते. ट्रॅक्टरला हूड आहे. उन्हाळ्यात ते सावली देते. थंडीत त्याच्या पुढच्या कडेला दव साठते आणि चाक ढेकळावर आदळले की त्यातला नेमका एक थेंब निघतो. माझ्या अंगात स्वेटर, वर जाकीट, गळ्यात मफलर आणि डोक्याला कानटोपी असताना मफलर आणि मान यांच्यामध्ये जी करंगळीएवढी फट राहते, ती त्या थेंबाला कोणत्या नकाशात सापडते, हे मला आजवर कळलेले नाही.

मागच्या वर्षी असाच एक थेंब पाठीच्या कण्यावरून कंबरेपर्यंत पोहोचत असताना माझी नजर समोरच्या रेडिएटरवर गेली. त्याच्यामागचा पंखा गरम हवा फेकत होता आणि ती हवा माझ्या दोन्ही बाजूंनी निघून जात होती. जाळलेल्या डिझेलपैकी जेमतेम तिसरा हिस्सा प्रत्यक्ष कामाला लागतो. उरलेल्याची उष्णता होते आणि ती धुराड्यातून व रेडिएटरमधून निघून जाते, हे मला ठाऊक होते, परंतु त्या क्षणापर्यंत ते केवळ पुस्तकी ज्ञान होते. मी स्वतःच्या पैशाने डिझेल विकत घेऊन सातपुड्याचा वारा गरम करत होतो, आणि तोही सातपुड्याला काडीचा फरक न पडता. खानदेशी माणूस थंडी सहन करील. पैसे देऊन घेतलेली वस्तू डोळ्यांदेखत वाऱ्यावर गेलेली त्याला सहन होत नाही. ट्रॅक्टरला बंद केबिन बांधायची आणि इंजिनाचेच गरम पाणी फिरवून ती उबदार ठेवायची, असा निश्चय मी त्याच बांधावर केला.

घरी हा बेत जाहीर होताच मेहुण्यांनी केबिनमध्ये सरळ एक शेगडी ठेवावी, म्हणजे चहाही होईल, अशी सूचना केली. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यावर ‘तुम्ही झोपणार कुठे आहात, तुम्ही तर ट्रॅक्टर चालवणार’ असे त्यांनी उत्तर दिले. मेहुण्यांशी वाद घालू नये, असे आमच्याकडे मानतात, म्हणून मी विषय बदलून मोजमापाला लागलो.

माझी पहिली चूक या मोजमापातच झाली आणि ती इतकी साधी होती की अजूनही आठवली की मी एकटाच मान हलवतो. थंडीच्या आत काम व्हावे म्हणून मी ते ऑक्टोबरमध्ये काढले. ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे दुपारी अंगाची लाही होते. मी बनियनवर सीटवर बसलो, वेल्डिंगच्या मिस्तरींनी दोरी धरून माझ्या कोपरांपासून, गुडघ्यांपासून आणि डोक्यापासून चार-चार बोटे जागा सोडली, आणि त्या मापाने चौकट आखली. म्हणजे जी वस्तू मी कडाक्याच्या थंडीसाठी करत होतो, तिचे माप बनियनमधल्या माणसाचे होते. डिसेंबरमध्ये स्वेटर, जाकीट आणि मफलर यांच्यासह मी आत शिरू लागलो तेव्हा अर्धा आत गेलो आणि अर्धा बाहेर राहिलो. मिस्तरींनी मला मागून ढकलावे की पुढून ओढावे, या विचारात थोडा वेळ घालवला. ‘नाना, स्वेटर काढा, आत ऊबच आहे की,’ असे ते म्हणाले. पण ऊब इंजिन तापल्यावर, म्हणजे वीस मिनिटांनी येणार. तोवर स्वेटर हवा, आणि स्वेटर घातला तर आत जाता येत नाही. हा पेच मी शेवटी स्वेटर हातात घेऊन आत जाण्याने आणि आत बसल्यावर, कोपर काचेवर आपटत, तो घालण्याने सोडवला. तो पुन्हा काढण्याची मात्र आत सोय नव्हती.

चौकटीला आम्ही एक इंची, सोळा गेजचा चौकोनी पाइप वापरला. तो मीटरला साधारण 1.2 किलो भरतो, म्हणजे वीस फुटी एक लांबी सुमारे सात किलोंची होते. सहा लांब्या गेल्या. त्यावर छताचा पत्रा, दारे, बिजागऱ्या आणि काचा. काचेऐवजी पारदर्शक अॅक्रिलिकचे पत्रे बसवावेत, ते हलके असतात, या सल्ल्याला मी भुललो. ते हलके असतात हे खरेच आहे, परंतु धूळ बसलेल्या अॅक्रिलिकवर कोरडा रुमाल एकदा फिरवला की त्यावर ओरखड्यांची जी जाळी उमटते, ती जन्मभर जात नाही. मिस्तरी चौकट थेट मडगार्डला वेल्ड करायला निघाले होते. मी अडवले, आणि या संपूर्ण प्रकरणात मी घेतलेला हा एकमेव शहाणा निर्णय होय. जुन्या हुडाची नटबोल्टची भोके होती, तीच वापरली, मधे रबराचे तुकडे दिले. रबर देऊनही तीन सिलिंडरचे इंजिन सुरू होताच छताचा पत्रा असा काही थरथरू लागला की आपण ट्रॅक्टरवर बसलो नसून लग्नाच्या वरातीतल्या ताशात बसलो आहोत, असे मला वाटले.

पहिल्यांदा ट्रॅक्टर वाड्याबाहेर काढला तेव्हा शेजारच्या आक्का ओट्यावर हरभरा निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले, चष्मा वर केला आणि अत्यंत गंभीरपणे विचारले, “नाना, हाई कपाट कोठे लई चालनात?”

त्या दिवसापासून गावात केबिन हा शब्द कोणी उच्चारला नाही.

आता हीटर. एका भंगारात निघालेल्या मोटारीची हीटरची कॉइल आणि तिचा बारा व्होल्टचा ब्लोअर मी जळगावहून आणला होता. ही कॉइल म्हणजे वहीएवढा छोटा रेडिएटर असतो. इंजिनाच्या हेडजवळून गरम पाण्याची एक नळी तिच्यात आणायची आणि परतीची नळी पाण्याच्या पंपाच्या ओढीच्या बाजूला जोडायची, एवढेच काम. खरी अडचण जागेची होती. पायांपाशी क्लच, ब्रेक, गिअर, आणि उजव्या हाताला हायड्रॉलिकचे लिव्हर. वहीएवढी तर सोडाच, पोस्टकार्डाएवढी जागा उरली नव्हती. म्हणून कॉइल छताखाली, माझ्या डोक्यामागे बसवली. ‘पाय गरम, पोट नरम आणि डोके थंड’ ठेवावे, असे थोर लोक सांगून गेले आहेत. माझ्या रचनेत पाय थंड, डोके गरम आणि खर्चाचा हिशेब पाहून पोट बिघडलेले, अशी स्थिती होणार होती. पण तेवढेही सुख लगेच लाभायचे नव्हते.

चाचणीचा दिवस आम्ही भरीत-पार्टीला जोडून ठेवला होता, कारण मिस्तरींनी मजुरीत सवलत देताना तशी अटच घातली होती. जळगावच्या भरीताच्या वांग्यांना 2016 मध्ये केळीबरोबरच भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि त्या पांढुरक्या-हिरव्या, हातभर वांग्यांचा मान काय असतो, हे कपाशीच्या काड्यांवर ती भाजली जात असताना शेतात उभे राहिल्याशिवाय कळत नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, हिरव्या मिरच्यांचा ठेचा, कांद्याची पात, आणि मधोमध जाळ. रात्रीचे नऊ वाजले होते. वीस माणसे जाळाभोवती हात शेकत बसली होती आणि मी एकटा, गावातल्या एकमेव उबदार केबिनमध्ये, कुडकुडत बसलो होतो. ब्लोअर पूर्ण वेगाने माझ्या मानेवर बर्फासारखी हवा मारत होता. दवाचा थेंब निदान एकच असे.

मिस्तरी भाकरी हातात घेऊनच आले. कॉइल रेडिएटरच्या झाकणापेक्षा उंच असल्यामुळे तिच्यात हवा अडकली आहे आणि पाणी वर चढतच नाही, हे निदान त्यांनी घास चावता चावता केले. वरच्या नळीची क्लिप ढिली करून हवा काढायची असते. त्यांनी ती ढिली केली. प्रथम फुसफुस झाली, मग गुळगुळ झाली आणि मग पाण्याची एक चिळकांडी थेट माझ्या कानटोपीवर आली. मी ओरडलो. परंतु ओरडता ओरडताच माझ्या लक्षात आले की पाणी भाजण्याइतके गरम नव्हते. ते अंघोळीला घेतो तसे, किंबहुना पाहुण्यांच्या आधी आपण केली तर मिळते तसे, कोमट होते. तासभर चाललेल्या इंजिनात ऐंशी अंशांच्या आसपास पाणी असायला हवे.

यानंतरचे तीन आठवडे मी त्या कोमटपणाच्या मागे लागलो. रेडिएटरपुढे गोणपाट बांधले, तेव्हा थोडा फरक पडला. सायकलची जुनी ट्यूब कापून लिव्हरच्या फटीला झडप केली. दरम्यान माझ्याच श्वासाचे बाष्प अॅक्रिलिकवर धरू लागले, आणि आधीचे ओरखडे व नवे बाष्प यांतून समोरच्या दिव्याचा उजेड असा काही पसरे की मला फक्त माझेच प्रतिबिंब दिसे. एका रात्री मी त्या प्रतिबिंबाकडे पाहत पाहत रोटाव्हेटर लावून शेजाऱ्याचा दोन फूट बांध माझ्या शेतात सामील करून घेतला, आणि तो परत करण्यासाठी दोन पंच व चार कप चहा लागले.

शेवटी उलगडा झाला तो तालुक्याच्या गावी, एका म्हाताऱ्या मेकॅनिकच्या हाती. त्याने हेडवरचे दोन बोल्ट काढले, आत बोट घातले आणि विचारले, “थर्मोस्टॅट कुठे आहे?” थर्मोस्टॅट म्हणजे पाणी पुरेसे तापेपर्यंत त्याची रेडिएटरकडची वाट अडवून धरणारी झडप. ती नसेल तर पाणी तापायच्या आतच रेडिएटरमध्ये जाऊन गार होत राहते, आणि थंडीच्या रात्री इंजिन कधी पुरते गरमच होत नाही. मग मला आठवले. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात ट्रॅक्टर गरम होतो म्हणून मीच तक्रार केली होती, आणि दुसऱ्या एका कारागिराने ‘आपल्या खानदेशात हिची गरजच नाही’ असे म्हणत ती झडप काढून माझ्या हातात ठेवली होती. मी त्याचे आभार मानून घरी तिचे पेपरवेट केले होते. वीजबिलांच्या चवडीवर ती अजूनही होती. गंजली असल्यामुळे नवी घ्यावी लागली.

नवी झडप बसली आणि केबिन अशी तापली की मी अंगातला स्वेटर काढण्यासाठी दार उघडून खाली उतरलो. डोक्यामागून येणारी गरम हवा, कोरडी काच, पायांनाही हळूहळू पोहोचणारी ऊब. आठ हजारांत होणाऱ्या कामाला तेवीस हजार गेले होते, पण त्या रात्री मी गाणे गुणगुणत तीन बिघे रोटाव्हेटर मारले. ती फेब्रुवारीची बारा तारीख होती. पुढच्याच आठवड्यात लोकांनी पंखे पुसायला काढले.

मे महिन्यात ट्रॅक्टर अंगणात उभा होता. दारे बंद, चहूबाजूंनी अॅक्रिलिक, वर काळा रंगवलेला पत्रा. पत्नीने कशासाठी तरी दार उघडले, आत हात घातला आणि झटकन मागे घेतला. मी मनाची तयारी करून उभा राहिलो, कारण गेले सात महिने ती ज्या वाक्याची वाट पाहत होती, ते बोलण्याची याहून योग्य वेळ नव्हती. ती काहीच बोलली नाही. तिने गच्चीकडे पाहिले, तिथे वावटळीने नुकतेच ज्वारीच्या बिबड्यांवर, म्हणजे वाळत घातलेल्या पापडांवर, धुळीचे पांघरूण घातले होते आणि चिमण्या उरलेल्यांचा समाचार घेत होत्या. मग ती घरात गेली आणि दोन परातींत ओले बिबडे घेऊन बाहेर आली. एक परात सीटवर बसली, एक मडगार्डवर. सायंकाळपर्यंत ते कडकडीत वाळले; ना धूळ, ना चिमणी. दुसऱ्या दिवशी कुरडया. तिसऱ्या दिवशी स्टिअरिंगला मिरच्या. नांगरटीसाठी ट्रॅक्टर मागायला आलेल्या एका गृहस्थाला पंधरा दिवस थांबायला सांगण्यात आले, आणि ते मी सांगितले नाही.

मी ओट्यावर बसून हे सर्व पाहत असताना शेजारच्या आक्का डोक्यावर पापडांचे ताट घेऊन फाटकातून आत आल्या, ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली आणि मला विचारले, “नाना, तुमना कपाटमा जागा शे का?”