गर्भाशयातल्या पेशींवर आळ

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या इंग्लंडची, म्हणजे पर्यायानं माझी, यथेच्छ धुलाई चालू आहे. निमित्त पुण्यातल्या मावसबहिणीच्या लागोपाठ दोन गर्भपातांचं. ‘तुमच्याकडे तिसरा होईपर्यंत कुणी ढुंकून बघत नाही. इथे डॉक्टरांनी दुसऱ्यालाच सगळ्या तपासण्या केल्या,’ असं मामांचं म्हणणं. यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे. तीन गर्भपातांनंतर तपासण्या हा इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, म्हणजे एनएचएसचा, वर्षानुवर्षांचा शिरस्ता. इथल्या बायकाही त्यावर चिडतात, आणि मला तो निर्दयच वाटतो. माझं भांडण ‘सगळ्या तपासण्या’ या शब्दांशी आहे.

त्यातला एक कागद बहिणीनं मला पाठवला. रक्तातल्या एनके, म्हणजे ‘नॅचरल किलर’ नावाच्या प्रतिकारपेशींची टक्केवारी, पुढे वर जाणारा बाण, आणि खाली पेनानं लिहिलेलं ‘एलआयटी’. म्हणजे नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून बायकोला टोचायच्या. कारण काय, तर ‘तुमचं शरीर बाळाला परकं समजून नाकारतंय.’

या समजुतीचं मूळ १९५३ सालात आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेदावार यांनी विचारलं होतं, की बाळ अर्धं बापाचं असूनही आई ते परक्या कलमासारखं झिडकारत कशी नाही? प्रश्न अस्सल होता. पुढे १९८५ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातल्या चाचणीत नवऱ्याच्या पेशी टोचलेल्या २२ पैकी १७ जणींची गर्भधारणा यशस्वी झाली, स्वतःच्याच पेशी टोचलेल्या २७ पैकी १० जणींची. जगभर क्लिनिकं कामाला लागली. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत निकाल उलटा आला. उपचार घेतलेल्यांत यश ३६ टक्के, न घेतलेल्यांत ४८. २००२ मध्ये तिथल्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं संशोधनाच्या परवानगीशिवाय हा उपचार द्यायला मनाई केली. पुण्यात आज तोच उपचार ‘लेटेस्ट’ म्हणून सांगितला जातोय.

एनके पेशींवर आयुष्य घालवलेली बाई केंब्रिजची, ॲशली मॉफेट. तिच्या कामातून दिसणारं चित्र वेगळंच आहे. गर्भारपणाच्या सुरुवातीला गर्भाशयाच्या अस्तरातल्या प्रतिकारपेशींपैकी सुमारे ७० टक्के एनकेच असतात, आणि त्या बाळावर तुटून पडत नाहीत. वारेच्या पेशी आईच्या रक्तवाहिन्यांपर्यंत शिरून त्या रुंद करतात. त्यांनी किती आत शिरायचं, हे ठरवण्यात या एनके पेशींचा हात असतो. वार पुरेशी आत रुजली नाही, तर पुढे प्रीएक्लॅम्प्सियाचा, म्हणजे गर्भारपणातल्या घातक रक्तदाबाचा, धोका. २००४ मध्ये तिच्या गटानं दाखवलं, की आईची आणि बाळाची काही विशिष्ट जनुकं एकत्र आली की हा धोका वाढतो. त्याच वर्षी ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात तिनं दोन सहकाऱ्यांसोबत लिहिलं, की रक्तातल्या एनके मोजून गर्भाशयातलं काही कळत नाही. दोन्हीकडच्या पेशी वेगळ्या, आणि निरोगी माणसाच्या रक्तातही हे प्रमाण ५ ते २९ टक्के इतकं हलतं. बहिणीचा बाण या मर्यादेच्या आतच होता!

मग ही नाकारण्याची गोष्ट का खपते? आपल्याकडे सुनेच्या अंगात खोट शोधायची सवय जुनी आहे. त्या सवयीला प्रयोगशाळेचा शिक्का मिळाला की आत्याही गप्प बसतात आणि सासूही. शिवाय यात नवऱ्याचंही रक्त काढतात, त्यामुळे ‘दोघंही करतोय’ असं समाधान. ते समाधान मला समजतं. पण त्यासाठी पैसे मोजताना ‘तुझंच शरीर बाळाचा शत्रू’ हे वाक्यही त्या मुलीच्या पदरात पडतं, आणि ते खोटं आहे.

इंग्लंडचे गोडवे गाण्यासाठी हे लिहीत नाहीये. इथल्या खासगी क्लिनिकांतही एनकेची तपासणी आणि त्या पेशी शांत करायला म्हणून सोयाबीन तेलाचं सलाइन विकलं जातं. फरक एवढाच, की इथे वंध्यत्व-उपचारांच्या क्लिनिकांवर देखरेख ठेवणारी एचएफईए नावाची सरकारी यंत्रणा आहे. तिनं आयव्हीएफसोबत विकल्या जाणाऱ्या अशा जोडउपचारांना सुरुवातीला सिग्नलचे रंग दिले, आणि प्रतिकारशक्तीवरच्या उपचारांना लाल दिला. तिचे असे शेरे तिच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. आपल्या २०२१ च्या एआरटी, म्हणजे कृत्रिम गर्भधारणेच्या, कायद्याचा भर क्लिनिकांच्या नोंदणीवर आणि दात्यांच्या नियमांवर आहे. असा रंगांचा तक्ता मराठीत कुणी लावला, तर मी ग्रुपवरचं भांडण आनंदानं हरेन.

प्रतिकारशक्तीमुळे गर्भपात होतच नाहीत असंही नाही. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोममध्ये, म्हणजे शरीराच्याच प्रतिपिंडांमुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते त्या आजारात, होतात. १९९७ मध्ये त्याच सेंट मेरीजमधल्या ९० जणींच्या चाचणीत नुसत्या ॲस्पिरिनवर ४२ टक्के बाळंतपणं सुखरूप झाली, सोबत हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध दिल्यावर ७१ टक्के. या आजाराची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली तर बारा आठवड्यांनी पुन्हा करावी लागते, तरच निदान पक्कं धरतात. बहिणीच्या फाइलमध्ये ती आहे. पॉझिटिव्ह, आणि एकदाच केलेली. दुसऱ्यांदा करा असं तिला कुणी सांगितलेलं नाही.