घर जरा बाजूला घ्या

गेल्या शुक्रवारी आम्ही काहीही न करण्याचं ठरवलं. शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार, आणि एप्रिल असल्यामुळे हिला मानकुराद आंबे हवे होते. पण गाडीत राहणाऱ्याला बाजारात जायचं तर घरही बरोबर न्यावं लागतं. आमचं घर म्हणजे टेम्पोच्या पोटात बसवलेली 12 फूट बाय 6 फुटांची खोली. त्यातच पलंग, ओटा, फ्रीज आणि पडद्याआड संडास. आंब्यांसाठी एवढं सगळं पार्किंगला लावायचं कुठे?

मुक्काम होता गोव्यात मांद्र्याला, एका आजींच्या माडांच्या भाटात, म्हणजे बागेत. पहिल्या दिवशी आजींनी गाडीभोवती एक फेरी मारली, आत डोकावल्या आणि अगदी मायेने विचारलं, "तुमका घर ना?" सांगलीत तीन खोल्यांचा फ्लॅट आहे, असं मी सांगितलं. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी वाटीभर आमटी आली.

टपावर सोलर आहे, खाली 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरची बॅटरी. ऐकायला भारदस्त वाटतं, पण हिशेब केला तर 1.8 युनिट भरतात. सांगलीत एवढी वीज गिझर तासाभरात पितो. त्यातून सोलरला ऊन हवं आणि आम्हाला सावली. सावली माडाची, आणि माडाला नारळ. त्यामुळे रोज मी वर बघत बघत फूटभर पुढे, फूटभर मागे करून गाडी लावतो. इतकं करूनही सावली सोलरवरच पडते. म्हणून ही गेले चार दिवस चटणीसाठी मिक्सर मागतेय आणि मी "बॅटरी बघून सांगतो" म्हणतोय. लग्नाला 34 वर्षं झाली. हे उत्तर ती पूर्वी पगाराच्या बाबतीत ऐकायची.

तर निवांत दिवस सकाळी सहाला सुरू झाला, कारण संडासाचा लाल दिवा लागला होता. आमचा संडास पेटीचा. पेटीत 20 लिटर मावतात आणि ती भरली की सुटकेससारखी बाहेर ओढून रिकामी करावी लागते. आजींनी मागच्या संडासात ओतायची परवानगी दिली आहे. गाव उठायच्या आत उरकावं म्हणून मी लुंगीवर निघालो, तोच पोंक पोंक करत सायकलवरून पोदेर, म्हणजे पाववाला आला. एका हातात ती पेटी आणि समोर गरम पाव. "कितें, गांवाक चल्ले?" त्याने पेटीकडे बघून विचारलं. मी हसून मान डोलावली. मग गावाला निघालेल्या माणसाने चार पोळ्या (इथे एका प्रकारच्या पावालाच पोळी म्हणतात) घेतल्या, त्याही दुसऱ्या हाताने.

अंडी परतायला घेतली तर तेल ड्रायव्हरच्या बाजूला वाहत गेलं, म्हणजे गाडी तिरकी. मागच्या चाकाखाली फळी सरकवली, तेल क्लीनरच्या बाजूला. शेवटी हिने तवाच हातात तिरका धरला. उरलेल्या पाण्यात भांडी झाली, आजींच्या विहिरीवरून बादल्या आणून 80 लिटरची टाकी भरली, दोन माडांना दोरी बांधून कपडे वाळत घातले, ताडपत्री ओढली, खुर्च्या मांडल्या. अकराला मी पेपर उघडला.

पहिलं पान वाचून होतंय तोच आजी एका माणसाला घेऊन आल्या. कमरेला कोयता, म्हणजे पाडेली, नारळ पाडणारा. माडांचे नारळ दर तीन महिन्यांनी पाडतात, आणि तो तिसरा महिना संपायला आमचा निवांत दिवसच सापडला. "घर जरा बाजूला घ्या," आजी म्हणाल्या.

घर बाजूला घ्यायचं म्हणजे दोरी सोडायची, ओले कपडे पलंगावर, खुर्च्या कपड्यांवर, ताडपत्री खुर्च्यांवर, फ्रीजच्या दाराला कडी, आणि डब्यांचं कपाट उघडू नये म्हणून हिने पाठीने दाबून धरायचं. एवढं करून गाडी हलली 30 फूट. थेट उन्हात.

एकपर्यंत आत भट्टी पेटली. गावातली दुकानं बंद झाली, पोर्तुगीज 1961 साली गेले तरी त्यांच्या भाषेतून आलेलं 'सुशेगाद', म्हणजे निवांतपण, दुपारी घरोघरी मुक्कामाला असतं. आमच्या घरात त्याला जागा नव्हती. आजींनी सोप्याचं दार उघडलं. खाली थंडगार कोबा, वर कौलं, आणि चारी बाजूंनी मोकळा वारा. आम्ही दोघं तिथे आडवे झालो ते साडेतीनपर्यंत. जाग आली तेव्हा आजी उंबऱ्यात बसून आमच्याकडे बघत होत्या. पहिल्या दिवशीचाच प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता, फक्त आता त्याचं उत्तर त्यांना मिळालं होतं.

निघताना त्यांनी ताजे सोललेले दोन नारळ दिले. गाडीत येऊन बघतो तर बॅटरी 100 टक्के, आठवड्यात पहिल्यांदाच. "लाव मिक्सर," मी राजासारखा म्हणालो. हिने नारळ फोडला, पाणी मला दिलं आणि हात पुढे केला.

"अहो, विळी?"

विळी पलंगाखालच्या पेटीत होती. पलंगावर ओले कपडे, कपड्यांवर खुर्च्या, आणि खुर्च्यांवर ताडपत्री.