सोडियमला इलेक्ट्रॉन ‘द्यायचाच’ असतो का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सर, एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, मनापासून आभार. मी लेखात म्हटलं होतं की सोडियम आपणहून इलेक्ट्रॉन देत नाही, तो काढायला एनर्जी घालावी लागते. तुमचं म्हणणं असं की नववी-दहावीच्या मुलांना ‘अष्टक (बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण व्हावं म्हणून देतो’ एवढं पुरे, उगाच गोंधळ कशाला, आणि एनर्जी लागतेच तर सोडियम पाण्यात टाकल्याबरोबर पेटतो कसा? हा दुसरा प्रश्न मला फार आवडला, कारण अष्टकाच्या वाक्याने त्याचं उत्तर देताच येत नाही.

आधी मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, घेऊ. सुट्या, वायुरूप सोडियम अणूंचा एकेक इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे (मोल म्हणजे अणूंची एक ठरावीक, प्रचंड मोठी संख्या) ४९६ किलोज्यूल लागतात. क्लोरीनने तो घेतला की सुटतात ३४९. म्हणजे १४७ कमीच पडले, आणि दोन अणू एकमेकांपासून लांब असतील तर ही देवघेव होणारच नाही, दोघांचं अष्टक पूर्ण होत असलं तरी! त्यात सोडियम धातूची वाफ करायला १०७ आणि क्लोरीनच्या रेणूचा बंध तोडायला आपल्या वाट्याचे (रेणूत दोन अणू, म्हणून निम्मे) १२२, असा एकूण खर्च ३७६. हा भरून निघतो तो आयन (इलेक्ट्रॉन दिल्या-घेतल्याने विद्युतभार आलेले अणू) जवळ येऊन स्फटिक बांधतात तेव्हा, एका सोडियमभोवती सहा क्लोराइड आणि एका क्लोराइडभोवती सहा सोडियम, त्यातून ७८७ बाहेर पडतात. वजा करा, ४११ उरतात, मीठ तयार होताना मोलमागे बाहेर पडणारी एनर्जी ती हीच.

आता मुलगा विचारतो की मग सोडियम दोन का नाही देत? दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या कवचातला, त्याला ४५६२ लागतात, एवढे कुठलाच स्फटिक भरून देऊ शकत नाही. मॅग्नेशियमचा पहिला ७३८, दुसरा १४५१, हे दोन्ही परवडतात, पण तिसऱ्याला एकदम ७७३३! ही उडी जिथे येते तिथेच आपलं अष्टक असतं. म्हणजे अष्टकाचा नियम मी मोडीत काढत नाहीये सर, तो कुठून येतो ते सांगतोय.

पाण्याचं पण तसंच. सोडियम आयनाला पाण्याचे रेणू घेरतात तेव्हा साधारण ४०० किलोज्यूल सुटतात आणि सगळा हिशोब करून मोलमागे सुमारे १८४ उरतात, त्यात ९८ अंशाला वितळणारा सोडियम वितळतो आणि निघालेला हायड्रोजन पेट घेतो. लिथियमचा इलेक्ट्रॉन काढायला तर ५२० लागतात, सोडियमपेक्षा जास्त, तरी पाण्याशी होणाऱ्या रिॲक्शनमध्ये मोलमागे उष्णता लिथियमच जास्त देतो, कारण त्याचा आयन लहान आणि पाणी त्याला जास्त घट्ट धरतं. इलेक्ट्रॉन ‘सहज देतो’ एवढ्यावर हे कसं समजावणार?

आणि अष्टक पूर्ण झालं की विषय संपला असं मानल्याचं नुकसान खरंच झालंय. झेनॉन या वायूचं अष्टक मुळातच पूर्ण असतं, म्हणून तो रिॲक्शन करत नाही हे वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. १९६२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांनी आकडे बघितले, प्लॅटिनम हेक्साफ्लुओराइड ऑक्सिजनच्या रेणूचा इलेक्ट्रॉन काढतं, तिथे ११७५ लागतात आणि झेनॉनला ११७०, मग झेनॉनचा का नाही निघणार? झेनॉन आणि प्लॅटिनम हेक्साफ्लुओराइडची वाफ एकत्र केली आणि पिवळट नारिंगी घन पदार्थ मिळाला.

पेपरात मुलांनी अष्टकाचंच उत्तर लिहावं, मार्क पूर्ण मिळतील, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. वर्गात फक्त ‘सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायचा असतो’ याऐवजी ‘बाहेरचा एक काढणं परवडतं, आतला नाही, आणि खर्च स्फटिक भरून देतो’ असं सांगून बघा, आकडे अकरावीला आले तरी चालतील.