हिमनदीखालच्या गावांना वेळेत निरोप कोण देणार?

हवामानबदलाचा विषय निघाला की हिमनद्या ‘वितळत आहेत’ असे आपण सहज म्हणून जातो. या शब्दाने थेंबाथेंबाने ओघळणारे, वर्षानुवर्षे चाललेले काहीतरी डोळ्यांपुढे येते, आणि त्यामुळेच डोंगरदऱ्यांतल्या माणसांच्या डोक्यावर असलेला खरा धोका आपल्या नजरेतून निसटतो, असे मला वाटते. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात रोंती शिखराच्या उतारावरून सुमारे २.७ कोटी घनमीटर खडक आणि बर्फ एकाच वेळी सुटला. घर्षणाच्या उष्णतेने बर्फाचे पाणी होत गेले आणि चिखल-दगडांचा लोंढा ऋषिगंगा व तपोवनच्या जलविद्युत प्रकल्पांवर आदळला. पावसाळा नव्हता, ढगफुटीही झाली नव्हती. दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली किंवा बेपत्ता झाली. त्या दिवशीच्या चित्रफितींमध्ये वरच्या उतारावरचे लोक जिवाच्या आकांताने ओरडून खालच्या मजुरांना पळायला सांगताना ऐकू येतात. त्या मजुरांना मिळालेला इशारा तेवढाच.

एखादा कडा कोसळला की त्याचे खापर थेट तापमानवाढीवर फोडणे योग्य नाही, हे मान्य. पण उंचावर काय घडते आहे तेही समजून घेतले पाहिजे. तिथल्या खडकाच्या भेगांमध्ये बारमाही गोठलेला बर्फ असतो आणि तोच कड्याचे तुकडे एकमेकांना धरून ठेवतो. त्याचे तापमान शून्याच्या जवळ येऊ लागले की तो पूर्ण वितळण्याआधीच त्याची पकड सैल होते. हिमनदी मागे हटली की तिच्यावर रेललेल्या उतारांचा आधार जातो, आणि तिने सोडलेल्या खोलगट जागेत सरोवर तयार होते. ते अडवून धरणारा बांध म्हणजे हिमोढ, म्हणजेच हिमनदीने आणून टाकलेल्या दगड-वाळूचा सैल ढिगारा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमच्या दक्षिण ल्होनाक सरोवरात काठाचा असाच गोठलेला हिमोढ कोसळला, लाट उसळली, सरोवर फुटले आणि तीस्तेच्या पुरात चुंगथांगचे धरण वाहून गेले. हे सरोवर धोकादायक आहे हे शास्त्रज्ञ अनेक वर्षे सांगत होते आणि २०१६ मध्ये पाणी उपसण्यासाठी तिथे नळही टाकले गेले होते. म्हणजे माहितीची उणीव नव्हती.

याउलट स्वित्झर्लंडमधल्या ब्लाटेन गावाचे पाहा. २०२५ च्या मे महिन्यात वरच्या शिखराचे दगड बर्च हिमनदीवर कोसळू लागले, त्या भाराने तिचा वेग वाढला, आणि तो वेग मोजला जात असल्यामुळे सुमारे ३०० रहिवाशांना गुराढोरांसह १९ मे रोजीच हलवण्यात आले. २८ मे रोजी हिमनदी कोसळून जवळजवळ सारे गाव गाडले गेले. एक जीव गेला. घरे वाचली नाहीत, पण माणसे वाचली. श्रीमंत देशालाच हे परवडते, हा युक्तिवाद मला पटत नाही. नेपाळने २००० मध्ये त्शो रोल्पा आणि २०१६ मध्ये इम्जा सरोवराची पातळी प्रत्येकी तीन मीटर किंवा त्याहून थोडी अधिक खाली आणली, तीही विमानाने किंवा पाठीवर सामान वाहून न्यावे लागते अशा उंचीवर.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की हिमसरोवराखालच्या नदीवर प्रकल्प उभारणाऱ्याला परवानगी देतानाच वरच्या भागातील मोजमापाची आणि खालच्या प्रत्येक वस्तीतल्या भोंग्याची जबाबदारी त्याच्यावर टाकावी, आणि गाव रिकामे करण्याचा अधिकार जिल्हा पातळीवरच्या एका निश्चित अधिकाऱ्याकडे असावा. धोकादायक सरोवरांची यादी दरवर्षी नव्याने करावी लागेल, कारण जुलै २०२५ मध्ये नेपाळच्या रसुवागढीचा सीमेवरचा मैत्री पूल ज्या पुराने नेला, तो तिबेटमध्ये हिमनदीच्या पाठीवर काही महिन्यांपूर्वीच साचू लागलेल्या तळ्यातून आला होता. पाणी सीमा ओलांडून आले. त्याच्या आधी यायला हवा होता तो निरोप आला नाही.