पत्रिकेवरून मन कळतं? मावशीच्या फॉरवर्डला उत्तर

सध्या सगळ्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की ज्योतिष हेच आपलं मूळ मानसशास्त्र, वेदात चंद्राला मन म्हटलंय, कार्ल युंग हा प्रसिद्ध स्विस मानसोपचारतज्ज्ञसुद्धा पेशंटच्या पत्रिका बघायचा, तेव्हा काउन्सेलरकडे पैसे घालवण्याआधी पत्रिका दाखवा. माझ्या मावशीने मला तो दोनदा पाठवला, म्हणून एकदा नीटच लिहिते.

आधी वेद. मेसेजमध्ये फक्त 'चंद्रमा मनसो जातः' एवढंच आहे. हे ऋग्वेदातल्या पुरुषसूक्तातलं, आणि अर्थ असा की विराट पुरुषाच्या मनापासून चंद्र झाला, लगेच पुढे डोळ्यापासून सूर्य झाला असंय. म्हणजे विश्व कसं झालं ते सांगतंय सूक्त, तुमच्या जन्मवेळच्या चंद्रावरून तुमचा स्वभाव ठरतो असं त्यात कुठेच नाही. इतक्या सुंदर सूक्ताचे तीन शब्द तोडून असे वापरले की मला खरंच त्रास होतो.

युंगचं अर्धं खरंय. अवघड केसमध्ये आपण पत्रिका मागवतो असं त्याने १९४७ मध्ये बंगळूरचे ज्योतिषी बी. व्ही. रामन यांना पत्रात कळवलं होतं. पण त्यानेच पुढे ४८३ विवाहित जोडप्यांच्या पत्रिका तीन गठ्ठ्यांत तपासल्या, पहिल्या गठ्ठ्यात सूर्य-चंद्र युती (एकाचा सूर्य आणि दुसऱ्याचा चंद्र एकाच जागी) उठून दिसली, दुसऱ्यात भलतंच काहीतरी, तिसऱ्यात आणखी तिसरंच, आणि सगळे एकत्र केल्यावर योगायोगापलीकडे ठोस काही उरलं नाही. हे कोणी फॉरवर्ड करत नाही.

'पण माझं वर्णन तंतोतंत जुळलं!' जुळणारच गं. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची टेस्ट घेतली आणि प्रत्येकाला 'हे खास तुझं वर्णन' म्हणून एकच कागद दिला, त्यातली वाक्यं बरीचशी ज्योतिषाच्या पुस्तकातली, वरून तुम्ही शिस्तीचे पण आतून काळजी करणारे वगैरे. पोरांनी पाचपैकी सरासरी ४.२६ मार्क दिले.

आणि आपल्या पुण्यातच २००८ मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार मुलं आणि बौद्धिक अक्षमता असलेली मुलं यांच्या पत्रिका ज्योतिषांना देऊन ओळखायला सांगितल्या. २७ जणांनी उत्तरं पाठवली, बरोबर सरासरी ४६ टक्के, नाणं उडवलं असतं तरी ५० आले असते. एवढा मोठा फरक पत्रिकेत दिसत नसेल तर 'हळवा', 'हट्टी' असले बारकावे कुठून दिसणार?

एक मान्य करते, ज्योतिषाकडे माणूस तासभर मन मोकळं करतो आणि त्याने हलकं वाटतं. पण ते ऐकून घेण्यामुळे, शनीमुळे नाही. माझ्या मामेबहिणीला रात्र-रात्र झोप नव्हती, छातीत धडधड, तिला सांगितलं साडेसाती आहे, संपली की बरं वाटेल. साडेसाती म्हणजे साडेसात वर्षं! दीड वर्ष ती तशीच वाट बघत बसली, मग डॉक्टरकडे नेलं, अँग्झायटी निघाली, उपचार सुरू झाल्यावर काही महिन्यांत झोपायला लागली. म्हणून मावशी, तो मेसेज पुढे पाठवायच्या आधी हा नंबर पाठव, १४४१६, सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन, फुकट आहे, रात्री-अपरात्री पण लागते आणि मराठीत बोलतात.