आधी चित्रपट, मग ‘श्यामची आई’

दर काही वर्षांनी महाराष्ट्रात तोच वाद निघतो: साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ हे पुस्तक घ्या: ती आई रडवी आहे, उपदेशी आहे, आजच्या मुलांना ती कशाला? दुरून, परदेशातून ऐकताना वाटते, बोलणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पुस्तक नसतेच, आचार्य अत्र्यांचा १९५३चा चित्रपट असतो. ‘छडी लागे छमछम’ पुस्तकात शोधूनही सापडणार नाही, ते अत्र्यांचे.

परदेशात वाढणाऱ्या मुलाने चित्रपट आधी पाहिला तर बिघडत नाही. वनमाला (आई) आणि माधव वझे (श्याम) यांच्या तोंडची मराठी आधी कानावर पडते, मग छापील वाक्ये परकी वाटत नाहीत. बिघडते ते पुढे. पुस्तकात श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना आईची एक आठवण सांगतो, म्हणून एक प्रकरण म्हणजे एक रात्र. पुस्तक पहिल्या रात्रीपासून वाचायला घेतले, तर आधी आश्रमातली प्रस्तावना आणि मग सावित्री-व्रत येते. व्रत म्हणजे काय हे सांगता सांगता मूल उठून जाते.

म्हणून बाराव्या रात्रीपासून, ‘श्यामचे पोहणे’पासून सुरुवात करावी. प्रसंग पडद्यावर पाहिलेला असतो. ‘शिंपटी’सारखे (बारीक छडी) चार-पाच शब्दच आधी सांगावेत, बाकीचे ओघात कळतात. मोठ्या माणसाने मोठ्याने वाचावे. १५-२० मिनिटांत एक रात्र होते. मार खाऊन पोहून आलेल्या श्यामला आई जे समजावते, तिथे जरा थांबावे. आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हणू नये, हे तिचे कारण मुलाच्या मनात पोचू द्यावे.

मग अठरावी, ‘अळणी भाजी’. रताळ्याच्या पाल्याच्या भाजीत मीठ घालायचे राहून गेले आहे आणि जेवणारे काही न बोलता ती खातात. बस, एवढेच घडते. त्या गप्प राहण्यात केवढी माया आहे, ती मूल बरोबर ओळखते. बत्तिसाव्या रात्री हीच आई कर्जवसुलीला आलेल्या माणसाला ओटीवरून चालते व्हायला सांगते. तिला रडवी म्हणणाऱ्यांनी ही रात्र जरूर वाचावी.

सोवळ्या-ओवळ्याचा आक्षेप मात्र खरा आहे, तो टाळू नये. पंचविसाव्या रात्री आई श्यामला अस्पृश्य म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवायला लावते, आणि घरी येऊन आंघोळ कर म्हणते. दया आणि विटाळ एकाच तोंडून. इथल्या शाळेत वंशभेदाबद्दल शिकणारे मूल नेमके इथेच अडवते: मग आंघोळ कशाला? हा भाग गाळून वाचणे मला चुकीचे वाटते. जात काय होती, हे या प्रश्नाला धरून सरळ सांगता येते.

आश्रमाची चौकट शेवटी वाचावी. चित्रपटातला श्याम डोळ्यांपुढे राहतो तो लहान मुलगा म्हणून. पुस्तकातला श्याम मोठा झालेला आहे आणि मित्रांना आई सांगतो आहे. गुरुजींची आई १९१७ साली गेली, पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले. त्या रडण्यात सोळा वर्षांचे अंतर आहे.

गावाकडून पुस्तकाचे पार्सल येण्याची वाटही पाहायला नको. गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे २०११पासून भारतात हा मजकूर प्रताधिकारमुक्त आहे. देवनागरी नुकती शिकलेल्या मुलासाठी एकच रात्र मोठ्या टाइपात, ओळींत भरपूर जागा सोडून छापून घ्यावी.